जनावरांच्या दवाखान्याचा शिक्का

सरपंच, गावकरी मंडळी, वस्त्यांवरनं चालत आलेली माणसं, आणि तात्यांच्या घरची सगळी.

मी रोज पोरांसमोर उभा राहून बोलतो. त्यामुळं गुरुजींना बोलायची सवय आहे, असं सरपंचांना वाटलं आणि त्यांनी मला पहिलं उभं केलं. पण ती सवय आज उपयोगाला येत नाही. सकाळी मी चार ओळी कागदावर लिहिल्या होत्या. बिरूतात्या कष्टाळू होते, मनमिळाऊ होते, असं काहीतरी. तो कागद मी घरीच ठेवून आलो. कष्टाळू होते हे खरं, पण मनमिळाऊ नव्हते. तुम्हाला ठाऊक आहे. हसा थोडं, त्यांना चाललं असतं.

काल तेरावं झालं. उद्या सकाळच्या पहिल्या एसटीनं त्यांचा मुलगा तायाप्पा परत कराडकडं निघणार. मेंढरं तिकडं उसाच्या पट्ट्यात, मेव्हण्याच्या भरवशावर आहेत, आणि त्याची स्वतःची मेंढरं खोळंबली आहेत. तायाप्पाबरोबर कोण जाणार आणि इथं कोण राहणार, हे अजून ठरलेलं नाही. त्याची थोरली मुलगी हिरा आमच्या शाळेत सातवीला आहे. ती उद्या एसटीत बसली तर तिची परीक्षा गेली, आणि मला वाटतं, शाळाही गेली. मंडळी, माझा सगळा जीव त्यात अडकलाय. बोलण्यात दुःखापेक्षा घोर जास्त दिसला तर मला समजून घ्या.

मी इथला नाही. सांगलीकडचा, कृष्णाकाठचा. सहा वर्षांपूर्वी बदली होऊन आपल्या माण तालुक्यात आलो तेव्हा मला मेंढरामागच्या माणसांचं काही माहीत नव्हतं. दिवाळी झाली आणि एका आठवड्यात वर्गातली नऊ पोरं गायब झाली. मी चौकशी केली. कुणीतरी म्हणालं, "त्येंची मेंढरं खाली गेली. आता पावसाळ्याच्या तोंडाला यायची." मी नियमाचं पुस्तक काढलं. सतत गैरहजर असेल त्याचं नाव कमी करायचं, असं त्यात आहे. मी लाल शाईनं नऊ नावं कमी केली. अक्षर माझं चांगलं आहे. फार नीट केलं ते काम.

जेठात तात्या शाळेत आले. डोक्याला लाल पटका, खांद्यावर घोंगडं, आणि माझ्या टेबलासमोर काठी आपटून उभे.

"गुरुजी, आमी काय मेलो व्हय?"

मी म्हणालो, "असं का विचारता?"

"मंग पोरांची नावं का काडली? जित्या मानसाचं नाव कवा काडत्यात?"

मी नियम सांगितला. त्यांनी तो शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि विचारलं, "ह्यो नेम ज्यानं लिवला, त्येच्याकडं मेंढरं हायती का?"

मी नियमाचं पुस्तक मिटलं.

आता या माणसाला शाळेचं एवढं का पडलं होतं, ते सांगतो. तात्यांनीच मला एकदा सांगितलेलं. दुष्काळाच्या आधीच्या साली मेंढरांना गोचीड फार झाली. अंगावर लावायच्या औषधाची बाटली आणली होती आणि पोटात पाजायच्या औषधाचीही आणली होती. दोन्ही बाटल्या सारख्या. सगळ्या तळावर वाचता येणारं एक माणूस नव्हतं. अंगाला लावायचं औषध तात्यांनी स्वतःच्या हातानं मेंढरांच्या तोंडात ओतलं. दुपारपर्यंत चांगली मेंढरं पाय झाडून गेली. "बाटलीवर लिवलं हुतं गुरुजी, समदं लिवलं हुतं," असं ते मला म्हणाले. त्याच सालापासून त्यांनी नातवंडं शाळेत घालायला सुरुवात केली. मुलगी आधी घातली, हे ध्यानात घ्या. घरात ती मोठी होती म्हणून. पोर आणि पोरगी असला हिशोब त्यांच्याकडं नव्हता. ज्याला आधी वाचता येईल ते आधी.

मी नावं पुन्हा चढवली. खरं सांगायचं तर दयेनं नाही चढवली. पट घसरला असता तर शाळेतला एक शिक्षक कमी झाला असता आणि चार वर्ग माझ्या एकट्याच्या गळ्यात पडले असते. मी माझ्या सोयीचं बघितलं. पण पुढची दिवाळी आली तेव्हा तात्यांनीच वाट काढली. म्हणाले, "मेंढरं एका रानात आट-धा दिस बसत्यात. जवळ साळा आसतीच की. तितं बसवतो पोरं. तुमी चिट्टी द्या."

मी चिठ्ठी दिली. 'ही मुले आमच्या शाळेची आहेत, तळ असेपर्यंत कृपया वर्गात बसू द्यावे आणि हजेरीची नोंद सोबतच्या वहीत करावी.' आणि एक शंभर पानी वही दिली. मंडळी, ती वही त्या माणसानं पाच हिवाळे छातीशी बाळगली. मेंढरं खतासाठी कुणाच्या शेतात बसवली, घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवलं, की पहिलं काम शाळा शोधायचं. मग हेडमास्तरांना रामराम घालायचा, चिठ्ठी दाखवायची, पोरं बसवायची, आणि तळ हलायच्या दिवशी वहीवर सही-शिक्का घ्यायचा.

सगळ्याच शाळांनी बसवून घेतलं असं नाही. एका ठिकाणी म्हणाले, दाखला आणा. दुसऱ्या ठिकाणी दाराजवळ, चपलांपाशी बसवलं. अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणे. येणारच, मेंढरांत राहणाऱ्याच्या अंगाला दुसरा कसला वास येणार? कराडच्या अलीकडं एका शाळेत मात्र एक बाई होत्या. त्या हिराला पहिल्या ओळीत बसवायच्या आणि जाताना पुढचे दोन धडे वहीत उतरवून द्यायच्या. त्या बाईंना मी कधी पाहिलेलं नाही. त्यांचं अक्षर तेवढं ओळखतो.

आणि प्रत्येक शाळेत धडा वेगळा चाललेला. एका हिवाळ्यात हिरा अपूर्णांक तीनदा शिकली आणि दशांश एकदाही नाही. परत आल्यावर मी तिला फळ्यापाशी उभं केलं, तिला येईना, आणि मी चिडलो. सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "एवढ्या शाळा फिरून हे शिकलीस?" ती खडू ठेवून जागेवर जाऊन बसली. हिरा, तू समोर बसली आहेस म्हणून सांगतो, तेव्हा माझं चुकलं होतं.

मी कसा शिकलो, तेही आज सांगून टाकतो. हुशारीनं शिकलो असं मी बरीच वर्षं समजत होतो. वडील गेले तेव्हा मी सहावीत आणि माझा थोरला भाऊ नववीत. तो माझ्यापेक्षा हुशार. पण मळ्यात मोटेमागं कुणीतरी हवं होतं. तो गेला आणि मी शाळेत राहिलो. त्याची शाळा सुटली म्हणून माझी टिकली. आज तो ऊस लावतो, मुलांच्या फीची तारीख मला विचारतो आणि मला 'गुरुजी' म्हणतो. थोरला भाऊ धाकट्याला गुरुजी म्हणतो, मंडळी.

आता मूळ गोष्टीवर येतो. सांगायला जड जातंय, पण सांगणार आहे, कारण तिच्यात माझा वाटा आहे.

गेल्या साली वही परत आली तेव्हा मी पानं उलटत होतो. एका पानावर सही ओळखीची नव्हती आणि शिक्का गोल, जांभळा. वाचला तर जनावरांच्या दवाखान्याचा. मी तात्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्या दिशी साळंला सुट्टी हुती. पोरं जाऊन परत आली. मेंढरांस्नी लस टोचाय दवाखान्यात गेलतो, तितल्या सायबाला म्हणलं, पोरं हाजर हायती, बगा, मारा शिक्का. शिक्का त्यो शिक्का. सरकारचाच हाय की."

मी पोट धरून हसलो. घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. पोरं खरोखरच हजर होती, मेंढरं धरून उभी होती. पण मी ते पान फाडलं नाही. तात्यांना समजावलंही नाही की असं करू नका, यानं घात होईल. मला ती गंमत वाटली. मुख्याध्यापक मी, नियम मला पाठ, आणि मी गंमत म्हणून ते पान ठेवलं.

यंदा तात्या तळाबरोबर गेले ते नवी वही घेऊन. जुनी वही शाळेच्या कपाटात राहिली. पौषात तपासणीला साहेब आले. भला माणूस, उगाच खोड काढणारा नव्हे. हजेरीपत्रक बघितलं, मागच्या साली बाहेरच्या शाळांतली हजेरी मी आपल्या पटावर धरली होती ती दिसली, आधार विचारला. मी अभिमानानं वही पुढं केली. मला वाटलं, शाबासकी मिळेल. ते एकेक पान बघत गेले, मान हलवत गेले, आणि त्या जांभळ्या शिक्क्यापाशी थांबले.

"गुरुजी, ही मुलं शिकायला गेली होती की टोचून घ्यायला?"

मी सांगायचा प्रयत्न केला. ते म्हणाले, "एक पान असं निघालं की बाकीच्या पानांवर मी विश्वास कसा ठेवू? उद्या मला वर विचारतील." मंडळी, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. त्यांनी शेरा लिहिला. बाहेरची हजेरी यापुढं धरायची नाही. मुलगी सातवीच्या परीक्षेला बसायची असेल तर इथून पुढं रोज याच शाळेत हजर पाहिजे. नाहीतर नाव कमी करा.

मी तात्यांना पत्र लिहिलं. चालत्या माणसाला पत्र कुठल्या पत्त्यावर घालायचं? तळ साधारण कुठं असेल याचा अंदाज बांधला आणि त्या कराडच्या बाईंच्या शाळेवर घातलं. पत्रात काय लिहिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. 'हिराचे नाव कमी होण्याची वेळ आली आहे, तातडीने भेटावे.' 'तातडीने' या शब्दाखाली मी रेघ मारली. माणूस आजारी आहे का, थंडीत उघड्या रानात पडलाय का, हे मी विचारलं नाही. बाईंनी पत्र वाचून दाखवलं. तात्यांना तेव्हा चार दिवसांचा ताप होता. तायाप्पा म्हणाला, मी जातो. ते म्हणाले, "तुला बोलाय येत न्हाई." आणि हिराला घेऊन एसटीत बसले.

दुपारी शाळेत आले. मी म्हणालो, "तात्या, अंग तापलंय तुमचं." म्हणाले, "उनाचं आसंल." माघातलं ऊन ते. त्या तिथं, खांबाला टेकून बसले. मी साहेबांचा शेरा वाचून दाखवला. शिक्क्याचंही सांगितलं. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले,

"म्हंजी माझ्यामुळं झालं म्हना की."

मी त्या वेळी 'नाही' म्हणायला पाहिजे होतं. मी म्हणालो, "आता झालं ते झालं, तात्या."

मग त्यांनी वसतिगृहाचं विचारलं. तालुक्याला आहे, पण मुलग्यांचं. मुलींचं नाही. मी सांगितलं. गावात भावकी नाही का, विचारलं. ते म्हणाले, "समदी मेंढरामागं. घराला कुलूप हाय गुरुजी." आणि मग त्या माणसानं, ज्यानं आयुष्यात कुणापुढं मान तुकवली नाही, माझ्याकडं न बघता विचारलं,

"तुमच्या घरात ठिवता का पोरीला? परीक्षा हुईस्तवर?"

मंडळी, माझ्या घरात दोन खोल्या आहेत. मी, बायको, एक मुलगा. जागा होती. पण माझ्या मनात काय काय येऊन गेलं, ते तुमच्यापुढं ठेवतो. परकी वयात येणारी पोर, काही झालं तर जबाबदारी कुणाची? गाव काय म्हणेल? पुढच्या साली आणखी चार जण विचारतील, त्यांना काय सांगू? आई सांगलीहून येते, ती सोवळं पाळते, तिला काय सांगू? एवढं सगळं एका दमात डोक्यात आलं. आणि मी म्हणालो, "बघू, तात्या."

बघू. मास्तराच्या तोंडी हा शब्द फार असतो.

त्यांना कळलं. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हिराला म्हणाले, "चल गं." चहासुद्धा घेतला नाही. चारच्या गाडीनं परत गेले. तिसऱ्या दिवशी कराडच्या दवाखान्यात नेलं, आणि पाचव्या दिवशी तायाप्पाचा निरोप आला.

डॉक्टर म्हणाले, छातीत सर्दी भरली. डॉक्टरांचं बरोबर असेल. पण त्या सर्दीला एसटीच्या उघड्या खिडकीशी बसवून इथवर कुणी बोलावलं, ते डॉक्टरांना माहीत नाही. मला माहीत आहे. तायाप्पाला माहीत आहे. तरी काल पंगतीत त्यानं मला पाणी दिलं. तो दोन शिव्या देता तर मला बरं वाटलं असतं.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे सगळं भरसभेत कशाला? मन हलकं करायला? नाही. मन हलकं होत नाही, मी बघितलं करून. सांगतोय ते अशासाठी की बंद खोलीत मी पुन्हा 'बघू' म्हणेन. मी स्वतःला ओळखतो. चार माणसांदेखत बोललं की मागं फिरता येत नाही.

परवा बायकोनं मला विचारलं, "तात्यांनी तुम्हाला काय विचारलं होतं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मग मला का नाही विचारलंत?" मला ते सुचलंच नव्हतं. ती तिथं मागं, बायकांत बसली आहे. आईचं काय, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "सासूबाईंचं मी बघते. तुम्ही तुमचं बघा."

तर, रखमावहिनी, तुम्ही हिराची आई. तुम्हाला सगळ्यांसमोर सांगतो. परीक्षा होईपर्यंत हिरा आमच्या घरी राहू दे. आमच्या पानाशेजारी तिचं पान असेल. तिला घरकामाला ठेवलं असं कुणाला दिसलं तर त्यानं मला येऊन विचारावं. तुमचे धाकटे दोघं तिसरीत आहेत. त्यांचं हे साल जाईल, ते मला वाचवता येत नाही, खोटं बोलणार नाही. जमेल त्या शाळेत त्यांना बसवत चला, शिक्का मिळो न मिळो.

पण मी एवढं म्हणून सुटलो, असं नाही. काल तायाप्पा मला एकच वाक्य म्हणाला. "गुरुजी, मानूस एक कमी झालं." त्याचा अर्थ मला रात्रभर लागत राहिला. तात्या पुढं चालायचे, तायाप्पा मागं, आणि कोकरांकडं रखमावहिनी. आता पुढं तायाप्पा. मग मागं कोण? तेरा वर्षांची हिरा. आमच्या मळ्यात मोटेमागं माझा भाऊ गेला, तसंच हे. मी पोरीला जेवू घालीन, दशांश शिकवीन. पण मेंढरामागं चालणारं माणूस माझ्याकडं नाही. मला कोकरू धरता येत नाही, मंडळी. ते मी कुठून आणू?

तात्यांचे चुलतभाऊ इथं आहेत. दुसऱ्या तळांची माणसं आहेत. मुंबईला गिरणीत असलेली, सुट्टीवर आलेली पोरं आहेत. गुढीपाडवा होऊन परीक्षा संपेपर्यंतचा प्रश्न आहे. कुणाचे दोन तळ एकत्र चालू शकतील का? कुणाचा धाकटा भाऊ महिनाभर जाऊ शकेल का? मला यातलं कळत नाही. तुम्हाला कळतं. मी फक्त विचारतो. आणि हेही सांगतो, की कुणीच काही बोललं नाही आणि उद्या हिरा एसटीत बसली, तर मी तायाप्पाला दोष देणार नाही. ज्याच्या मागं मेंढरं आहेत त्याला शहाणपण शिकवायचा हक्क मी सहा वर्षांपूर्वीच लाल शाईत घालवला.

फक्त तिचं नाव मी कमी करणार नाही. साहेबांनी विचारलं तर शेरा माझ्या नावावर घेईन. जितं माणूस आहे ते.

तात्या, तुम्ही चहा न घेता गेलात. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, माझ्यामुळं झालं. नाही तात्या. तुम्ही पोरं हजर ठेवलीत. हजेरी मला सांभाळता आली नाही.

आता उभं राहू या. पोरांनो, तुम्हीही. मी एरवी घड्याळ बघून दोन मिनिटं सांगतो. आज घड्याळ बघणार नाही. तायाप्पा, तू पुढं ये, माझ्याशेजारी उभा राहा. आपण सगळे मान खाली घालू. तुझा विचार होऊ दे. तू मान वर केलीस की आम्ही बसू.